सुनंदाच्या जागेवरून

ऑक्टोबर लागला की आमच्या नॉटिंगहॅममध्ये ट्रामच्या थांब्यांवर विद्यापीठाच्या बास्केटबॉल टीमची पोस्टर्स लागतात. नारिंगी कागद, वर उडी मारलेली एक मुलगी, खाली पहिल्या मॅचची वेळ. लोक तिकडे बघत नाहीत, त्यांना फुटबॉल असतो. मी बघते. मुलगी ओळखीची नाही हे कळल्यावरही ट्राम येईपर्यंत बघत राहते.

पानगळीवर लिहिणाऱ्यांपैकी मी नाही. पानं पडतात, कौन्सिलची माणसं ती मशीनने फुंकून गोळा करतात, घड्याळं एक तास मागे जातात आणि चार वाजता अंधार पडतो. एवढाच माझा इथला शरद ऋतू. मी एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरांची वेळापत्रकं लावते. कुणाचं ऑपरेशन कोणत्या खोलीत, भूल कोण देणार, कोण सुट्टीवर आहे, ऐनवेळी कुणाला बोलवायचं. दिवसभर अशा टीमा जुळवल्यावर ऋतूंकडे बघायला फारसा वेळ उरत नाही. तरीही हवेत गारवा आला आणि दारातल्या पायपुसण्याला ओला वास यायला लागला की हाताच्या तळव्यांना बॉलचा खरखरीतपणा आठवतो. पन्नाशीला टेकलेल्या बाईने हे सांगू नये, पण आहे ते आहे.

मुलींच्या टीमचा हॉल विद्यापीठाच्या मागच्या अंगाला आहे. आत शिरलं की रबर, वॉर्निश आणि ओल्या कोटांचा एकत्र वास येतो. इथे बुधवारी दुपारी विद्यापीठांत तास नसतात, खेळ असतात. मीही बुधवारी अर्धाच दिवस काम करते. तशी सोय मी पुष्कळ भांडून मिळवली होती. मुलींची मॅच बघायला येऊन येऊन किती माणसं येणार. एखादीचा बॉयफ्रेंड, एखादीचे आईवडील, आणि जेफ्री. जेफ्री म्हणजे निवृत्त पोस्टमन. त्याची कुणीही मुलगी टीममध्ये नव्हती. घरापेक्षा हॉलमध्ये ऊब असते म्हणून तो एकदा आला आणि मग येतच राहिला. या गावात बसवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे एकमेकांना 'डक' म्हणतात, आपण 'बाळा' म्हणतो तसं. जेफ्री मला डक म्हणायचा, श्रीधरला डक म्हणायचा. सुनंदाला मात्र 'मॅम' म्हणायचा.

सुनंदा माझी नागपूरची मैत्रीण. कॉलेजात आम्ही एका टीममध्ये खेळलो. आमचं कोर्ट सिमेंटचं होतं आणि एप्रिलमध्ये संध्याकाळी सहालासुद्धा त्याचे चटके बुटाच्या तळव्यातून वर यायचे. टीमचा चांगला बॉल एकच. सुनंदा पॉइंटला, म्हणजे बॉल घेऊन वर येणारी, कुणी कुठे जायचं ते ठरवणारी. मी उंच, म्हणून बास्केटखाली. माझं काम एकच, सुनंदा ओरडेल ते करायचं. "विजू, काय करून राहिली गं, हात वर कर नं." आम्हाला कोच नव्हता. एक पीटीचे सर होते, त्यांचा सगळा जीव कबड्डीत. कोच म्हणजे सुनंदाचा आवाज.

लग्न होऊन ती इंग्लंडला गेली. नवरा श्रीधर, पुण्याचा, विमानाच्या इंजिनांच्या कारखान्यात इंजिनियर. पुष्कळ वर्षांनी माझ्या नवऱ्याला इकडे नोकरी लागली आणि आम्हीही नॉटिंगहॅमला आलो. पहिल्या आठवड्यात तिला फोन केला, तर ती म्हणाली, "बुधवारी मोकळी आहेस का? पोरीची मॅच आहे." चहाला ये, जेवायला ये असलं काही नाही.

पोरगी म्हणजे केतकी. इथेच जन्मलेली, आठव्या वर्षापासून हातात बॉल. शाळेत होती तेव्हा ती याच हॉलमधल्या ज्युनियर टीमकडून खेळायची, आणि तिच्या मॅचनंतर आम्ही विद्यापीठाच्या मुलींचीही बघायचो. आईसारखीच बुटकी, आईसारखीच पॉइंटला. सुनंदा हॉलच्या मधल्या रेषेसमोर, दुसऱ्या ओळीत कडेला, कठड्याला लागून बसायची आणि तिथून नागपुरी मराठीत मॅच चालवायची. "डावीकडून घुस." "मागं पाह्य." "थांब जराशी." "दे नं तिले." पलीकडच्या टीमला एक अक्षर कळायचं नाही. समोरच्या मुलीचा उजवा पाय पुढे आला की सुनंदाला तो केतकीच्या आधी दिसायचा, आणि तोंडातून "डावीकडून" निघेपर्यंत केतकी डावीकडून निघालेली असायची. एकदा पलीकडच्या कोचने पंचाकडे तक्रार केली की प्रेक्षकांतून सूचना येतायत. पंचाने वर येऊन विचारलं. सुनंदा त्याला इंग्रजीत म्हणाली, मी माझ्या नवऱ्याशी बोलतेय. श्रीधरने मान डोलावली. जेफ्रीनेही डोलावली.

श्रीधर तिच्या शेजारी बसायचा, मांडीवर सगळ्यांचे कोट घेऊन. बोलायचा नाही. तसा तो घरीही बोलत नसे. सुनंदा दोघांच्या वाटचं बोलायची.

सीझन हॉलमध्ये सुरू व्हायच्या आधी आमच्याकडे स्वयंपाकघरात सुरू व्हायचा. ऑक्टोबरात टीम जाहीर व्हायची आणि त्याच सुमाराला दिवाळीचा फराळ. चकल्या पाडता पाडता आम्ही दोघी पहिल्या पाच मुली ठरवायचो. "ती पोलिश पोरगी बास्केटखाली." "तिचे गुडघे गेलेत." "मग काय तू उतरतेस?" जिचे अंदाज चुकतील तिने पुढच्या वर्षी उभं राहून तळायचं असा नियम होता. तळायला बहुतेक मीच असायचे. आणि सगळ्या बोलण्याचा शेवट मार्चवर यायचा. मार्चमध्ये नदीपलीकडच्या विद्यापीठाशी मॅच असते, शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये, ढोल, तिकिटं, तोंडं रंगवलेली पोरं. आमच्या मुली तिथे वर्षानुवर्षं हरत होत्या. दोन हजार सहाच्या मार्चमध्ये हरल्या तेव्हा केतकी पहिल्या वर्षाला होती आणि सबंध मॅच बाकावर बसून होती. बाहेर पडताना सुनंदा मला म्हणाली, "पुढच्या वर्षी हीच पॉइंटला. मग पाह्य."

एप्रिलमध्ये, पाडवा होऊन गेल्यावर, ती बसस्टॉपवर कोसळली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. शुद्धीवर आली नाही. मी त्याच हॉस्पिटलात कामाला, वरच्या मजल्यावर. तिच्या नावापुढची ऑपरेशनची वेळ मीच लावली आणि मग मीच काढली. यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

त्या वर्षीचा उन्हाळा छान होता असं लोक म्हणतात. असेल. मला आठवतात ते श्रीधरच्या फ्रीजमधले डबे. आम्ही ओळखीच्या बायकांनी वार वाटून घेतले होते. मी आदल्या वेळचे रिकामे डबे उचलायला जायचे, तेव्हा ते स्वच्छ घासून, झाकणं वेगळी करून ओट्यावर ठेवलेले असायचे. घर टापटीप. टीव्ही बंद. केतकी वर तिच्या खोलीत, श्रीधर खाली, मध्ये जिना. "काही हवंय का?" विचारलं की "नाही, सगळं आहे."

सप्टेंबरात सीझनच्या आधीची सरावाची मॅच होती. मी हॉलवर पोचले तेव्हा श्रीधर सुनंदाच्या जागेवर बसला होता. त्याच्या नेहमीच्या खुर्चीवर कोट. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. ती जागा रिकामी बघायची मला धास्ती होती. मॅच सुरू झाली, केतकी बॉल घेऊन वर आली, आणि श्रीधर ओरडला, "डावीकडून घुस."

त्याचा आवाज असा मी कधी ऐकलाच नव्हता. मोठा आणि थोडा चिरका. केतकीच्या उजवीकडे अख्खं रान मोकळं होतं. ती डावीकडे वळली, दोन मुलींच्या मधोमध, आणि बॉल गेला. थोड्या वेळाने तो ओरडला, "दे नं तिले." तिथे कुणीच नव्हतं. केतकीने दिला. बॉल भिंतीवर जाऊन आपटला. तिच्या टीममधल्या मुली हसल्या, वाईट मनाने नाही, पण हसल्या. श्रीधर पुढे झुकून बसला होता, कान लाल झालेले. सबंध मॅचभर तो ओरडला. सगळे शब्द सुनंदाचे. एकही जागेवर नाही.

पुढे आली खंडेनवमी. त्या दिवशी आपल्याकडे आपापली हत्यारं पूजेला मांडतात आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावत नाहीत. नागपूरला आम्ही बॉलची पूजा करायचो. एका वर्षी दुसऱ्याच दिवशी मॅच होती आणि पीटीच्या सरांनी टीमचा एकमेव बॉल पाटावर ठेवून दिला, सराव बंद. सुनंदाने कुठूनसा एक पंक्चर बॉल पैदा केला, धुतला, पाटावर नेऊन ठेवला आणि चांगला उचलला. सर म्हणाले, अगं, यात हवा नाही. सुनंदा म्हणाली, "देवाला कुठं ड्रिबल करायचंय, सर?" पुढे नॉटिंगहॅमलाही तिने तीच रीत ठेवली. एक चपटा, जुना बॉल वर्षभर शेडमध्ये पडलेला असायचा. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. खेळायचा बॉल गाडीच्या डिकीत.

त्या वर्षी पूजा श्रीधरने केली. मला जेवायला बोलावलं होतं. शिरा त्याने स्वतः केला होता, गोड कमी झाला होता. पाटावर त्याचे स्क्रूड्रायव्हर, केतकीचा लॅपटॉप, सुनंदाची शिवणाची कात्री. आणि बॉल. मी नमस्काराला वाकले आणि थांबले. बॉल गोल होता, टणक होता. केतकीचा रोजचा बॉल. टीमच्या निवडीची ट्रायल त्याच दुपारी होती.

दुपारची जेवणं झाली तोवर ट्रायलची वेळ टळून गेली होती. श्रीधर बाहेरच्या खोलीत पुण्याला बहिणीशी फोनवर बोलत होता. मी भांडी घासत होते, केतकी पुसत होती. बाहेरून त्याचा आवाज येत होता, "अगं, पोरीने ट्रायल सोडली, पण पूजेतला बॉल हलवला नाही. म्हटलं जा, देव रागावत नाही. नाही म्हणाली. सुनंदाचे संस्कार, दुसरं काय."

मी केतकीला विचारलं, "हा बॉल पाटावर कुणी ठेवला?"

"मी."

"आणि तो चपटा?"

"शेडमध्ये असेल." ती बशी पुसत राहिली. "मावशी, पूजेतली बॉल उचलत नाहीत. तुला माहितीये."

"मला माहितीये. तुझ्या आईलाही माहीत होतं. म्हणून तर शेडमध्ये दुसरा ठेवलाय."

तिने बशी उलटी करून मागची बाजू पुसली. मग म्हणाली, "बाबा ओरडतो ना, ती सगळी आईची वर्ड्स आहेत. पण राँग टाइमला. माझी डोकं नाही ऐकत, मावशी. लेग्ज ऐकतात. तो लेफ्ट म्हणतो, मी लेफ्ट जाते. मला कळतं की राँग आहे आणि मी जाते."

"मग सांग त्याला."

"तू सांग ना."

"का? तुला तोंड नाही?"

"तो घरात काहीच नाही बोलत. पूर्ण वीक. 'जेवलीस?' पण नाही. फक्त तिथे बोलतो." तिने बशी ठेवली. "आणि मी सांगू की तिथे पण नको बोलू?"

मी नळ बंद केला आणि ओटा पुसला.

ऑक्टोबरात टीम जाहीर झाली, त्यात केतकी नव्हती. कोच एमा, उंच, कमी बोलणारी बाई. जानेवारीपर्यंत कधीही ये, तुझी जागा बघू, असं तिने केतकीला सांगून ठेवलं होतं. केतकी म्हणायची, अभ्यास फार आहे. मी एकटीने चकल्या पाडल्या. पाच मुली कोणत्या, हा विचार डोक्यात येऊ दिला नाही, पण येत होता. यंदा पॉइंटला दुसरीच असणार, तर मग मार्चचं काय.

श्रीधर मात्र दर बुधवारी रजा टाकून हॉलवर यायचा, मुलगी खेळत नसतानाही. सुनंदाच्या जागेवर गप्प बसायचा. ओरडायचं कुणासाठी? नोव्हेंबरातल्या एका मॅचनंतर त्याने मला घरी सोडलं. गाडी माझ्या दाराशी थांबवली आणि इंजिन बंद न करता म्हणाला, "विजया, मी एमाला भेटलो. तिला समजावून सांगितलं, ट्रायलच्या दिवशी आमच्याकडे शस्त्रपूजा होती, चूक माझी आहे, पोरीची नाही."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, 'लव्हली.'"

मला हसू आलं आणि त्याला आलं नाही. तो म्हणाला, "मी पूजा मांडली म्हणून तिचा सीझन गेला. सुनंदा असती तर तिने काहीतरी तोड काढली असती."

ज्या गोष्टीचा काही संबंध नाही, ती माणूस उरावर घेऊन फिरत असेल, तर ती उतरवलेली बरी. मी म्हटलं, "पूजेचा काही संबंध नाही, श्रीधर. तू चुकीच्या वेळी ओरडतोस. ती तुझं ऐकते आणि बॉल घालवते. म्हणून ती खेळत नाहीये."

"मी सुनंदाचंच बोलतो."

"शब्द तिचे असतात. वेळ तुझी असते."

काचेवर बारीक पाऊस होता. त्याने वायपर लावला, मग बंद केला, मग परत लावला. "इतकी वर्षं शेजारी बसलो तिच्या," तो म्हणाला. "मी मॅच कुठे बघत होतो? तिला बघत होतो. ती ओरडणार आहे हे मला आधी कळायचं, अशी मान पुढे काढायची. का ओरडते ते कधी कळलंच नाही."

मी दार उघडलं तेव्हा तो म्हणाला, "मला शिकव. तू खेळली आहेस तिच्याबरोबर."

असा आमचा हिवाळा गेला. शनिवारी सकाळी श्रीधर यायचा, बूट दारात काढायचा, आणि आम्ही जेवणाच्या टेबलावर बसायचो. मसाल्याच्या डब्यातल्या पाच वाट्या आमच्या मुली, समोर पाच चमचे. हळदीची वाटी केतकी. मी चमचा सरकवायचे. "उजवा पाय पुढे आला. आता?"

"डावीकडून."

"उशीर झाला. गेला बॉल."

"पाय नेमका किती पुढे यायला हवा?"

"मोजायला बसू नकोस. अंग झुकतं, ते बघ."

माझा नवरा तेव्हा आठवडाभर कंपनीच्या बेसिंगस्टोकच्या ऑफिसात असायचा, शनिवारी घरी. तो सोफ्यावरून पेपरआडून म्हणायचा, "जिऱ्याने फाउल केला बघा." श्रीधर त्याच्याकडे लक्षही द्यायचा नाही. कारखान्यात इंजिन उघडून बसावं तसा तो खेळ उघडून बसला होता. आवाजाचाही तास व्हायचा. तो म्हणायचा, "मागे पहा."

"पहा नाही. पाह्य. 'मागे पहा' म्हणेपर्यंत मुलगी आडवी झालेली असेल. तुमच्या पुण्यात असतो वेळ."

"पाह्य."

"पोटातून."

मी त्याला म्हणून दाखवायचे. आधी साध्या आवाजात, मग तिच्यासारखं, शेवटचं अक्षर वर उचलून. हळूहळू मला माझ्याच घशातून सुनंदा ऐकू यायला लागली. "काय करून राहिली गं." नागपूर सुटून इतकी वर्षं झाली, माझी भाषा केव्हाच सपाट होऊन गेली होती, आणि शनिवारी सकाळी ती अशी अख्खीच्या अख्खी परत यायची. मी शुक्रवारपासून वाट बघायला लागले. वाट्या आधीच रिकाम्या करून, धुऊन ठेवायला लागले.

जानेवारीत मी केतकीला सांगितलं, बाबा शिकतोय, तू ये. तिने विचारलं, "शिकतोय म्हणजे?" "म्हणजे शिकतोय." ती गेली एमाकडे. श्रीधरने आपण होऊन जाहीर केलं की तयारी पुरी होईपर्यंत तो तोंड उघडणार नाही, एकदम मार्चमध्येच. तो शब्द त्याने पाळला. केतकी शांत हॉलमध्ये खेळली, बरी खेळली, आणि मार्चच्या मॅचसाठी एमाने पाच नावं वाचली त्यात पॉइंटला ती होती. तिने मला फोनवर नुसतं "मावशी, आय अ‍ॅम इन" एवढंच सांगितलं. फोन ठेवल्यावर माझा हात सवयीने पुन्हा रिसीव्हरकडे गेला. ही बातमी जिला सांगायची तिचा नंबर मला पाठ होता.

मोठ्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पलीकडची पोरं पिवळी, आमची नारिंगी, ढोल दोन्हीकडे. आम्ही मधल्या रेषेसमोरची, दुसऱ्या ओळीची कड धरली. श्रीधर कठड्याला, मग मी, मग जेफ्री. केतकी बॉल घेऊन वर आली. समोरची सोनेरी वेणीवाली मुलगी खाली झुकली, उजवा पाय पुढे.

"डावीकडून," श्रीधर ओरडला.

ती गेली. बॉल आत पडला तेव्हा तिच्या अंगाला कुणाचा स्पर्शही झालेला नव्हता.

जेफ्री पलीकडून म्हणाला, "मॅम परत आल्या की काय," आणि लगेच खाली बघून हात चोळायला लागला.

पुढचा सबंध वेळ श्रीधर एकदाही चुकला नाही. "मागं पाह्य." ती वळली, मागून येणारा हात हवेत राहिला. "दे नं तिले." ती पोलिश मुलगी तिथे होती. मान पुढे काढायची, शेवटचं अक्षर वर उचलायचं, सगळं जसंच्या तसं. आमच्या मुली पहिल्यांदाच पुढे होत्या. मी टाळ्या वाजवत होते. डोळे मिटले असते तर माझ्या शेजारी कोण बसलंय याची मी पैज लावली असती.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये तो ओरडला, "थांब जराशी," आणि केतकी थांबली. बॉल दोन्ही हातांत धरून, भर कोर्टात. तो "आता" म्हणाला तरी ती हलली नाही. वर बघत होती, आमच्याकडे. शिट्टी वाजली, बॉल पलीकडच्यांना मिळाला. पुढच्या वेळीही तेच. एमाने तिला बाहेर काढलं आणि ती बाकावर डोक्यावरून टॉवेल घेऊन बसली. आघाडी गेली.

शेवटच्या क्वार्टरच्या आधी विश्रांती होती. केतकी उठून सरळ कठड्यापाशी आली. तोंड लाल, घामाने की कशाने ते कळत नव्हतं.

"बाबा, नको ओरडू."

"चुकलं का?"

"नाही. सगळं करेक्ट आहे." तिने कठडा धरला. "तू राँग ओरडायचा तेव्हा मला कळायचं की हा तू आहेस. आता मला आई ऐकू येते. आणि मी वर बघते."

श्रीधरने माझ्याकडे बघितलं. मी कोर्टाकडे बघितलं.

"तुझं काहीतरी बोल ना," ती म्हणाली. "आईचं नको. तुझं. काहीपण."

"मला खेळातलं काय कळतं, बेटा."

"हो, माहितीये," ती म्हणाली आणि पळत गेली.

एमाने तिला परत उतरवलं. श्रीधर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. मध्येच ओठ उघडायचे आणि मिटायचे. समोरचीचा पाय पुढे यायचा, त्याला दिसायचा, मलाही दिसायचा, शब्द जिभेवर तयार असायचा आणि तो गिळायचा. स्वतःचं काही सापडत नव्हतं. इतक्या वर्षांत त्याला कधी लागलंच नव्हतं. ढोल वाजत होते. एकदा पलीकडचे पुढे, एकदा आम्ही. शेवटी केतकीला धक्का लागला, फाउल झाला आणि तिला दोन फ्री थ्रो मिळाले, कुणी न अडवता रेषेवरून मारायचे. ती रेषेवर उभी राहिली. पिवळी पोरं तिचं लक्ष उडवायला उठून ओरडत होती, पाय आपटत होती.

तेव्हा श्रीधर उभा राहिला. ना मान पुढे काढली, ना अक्षर उचललं. सकाळी जिन्याखालून वर हाक मारावी तशी त्याने त्या गोंगाटात हाक मारली.

"केतकी, लेस."

तिने खाली बघितलं. उजव्या बुटाची लेस सुटून लोळत होती. तिने पंचाला हात केला, बॉल त्याच्याकडे दिला आणि एक गुडघा टेकून लेस बांधायला बसली.

मॅच आम्ही हरलो. ते दोन थ्रो आत गेले की नाही हेही मला आता नीट सांगता येत नाही. पुढे केतकीला ब्रिस्टलला नोकरी लागली, तिने खेळ सोडला. श्रीधर तिला दर रविवारी फोन करतो आणि चांगला अर्धा तास बोलतो असं ती सांगते. हे सगळं चांगलं झालं. जसं व्हायला हवं होतं तसं झालं, आणि मी त्याच्या विरुद्ध एक शब्द बोलणार नाही.

पण ती खाली वाकून दुहेरी गाठ मारत होती तेव्हा श्रीधर तिच्या बुटाकडे बघत होता, ती आपल्या हातांकडे बघत होती, पंच थांबला होता. एप्रिलपासून मी रडले नव्हते, कामं होती. त्या क्षणी मला तोंड झाकून घ्यावं लागलं. एवढ्या भरलेल्या हॉलमध्ये सुनंदाच्या आवाजाची वाट बघणारी आता मी एकटीच उरले होते.